छाप कोणाची?

२०२५ साली २२ जुलैला ऑझी ऑस्बॉर्न वारला. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा गायक, वय ७६. बातमी आपल्याकडे पोचली तेव्हा मध्यरात्र होत आली होती. मी मोबाइलच्या स्टेटसवर त्याचा फोटो ठेवला, खाली चार ओळी लिहिल्या आणि झोपलो. सकाळी पाहतो तर आमच्या तालुक्यातले एक ज्येष्ठ समीक्षक, ज्यांना लहानथोर सगळेच सर म्हणतात, त्यांचा एका शब्दाचा निरोप: ‘तारीख?’

तारीख मला ठाऊक होती. महाडात राहणाऱ्या माणसाला २२ जुलै विसरता येत नाही. २०२१ साली त्या दिवशी तळीये गावची कोंढाळकरवाडी डोंगराखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसं. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडीवर आणि केवनाळ्यावर त्याच पावसात दरडी आल्या. वर महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा सावित्रीने खाली आमच्या घरांत आणून ओतला. रस्त्यांवर दरडी, त्यावर पुराचं पाणी. त्यामुळे तळीयेपर्यंत मदत पोचायलाच दुसरा दिवस उजाडला. पुढे शोध थांबवावा लागला आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत मानलं गेलं.

आठवड्याभराने सरांचा लेख एका स्थानिक साप्ताहिकात आला. माझं नाव त्यात नव्हतं, पण ‘आपल्यातलेच काही रसिक’ म्हणजे कोण ते बाजारपेठेत शेंबड्या पोरालाही कळलं असतं. लेखाचा सारांश असा: ज्या दिवशी गावाचं सुतक, त्या दिवशी वटवाघळाचं डोकं चावणाऱ्या एका दारुड्या गोऱ्यासाठी अश्रू ढाळणं ही निर्लज्ज परधार्जिणेगिरी आहे. हे संगीत आपल्या मातीतलं नाही. आणि ते त्यांच्याही मातीतलं नाही, कारण ते कारखान्यातला माल आहे. बघा अडोर्नो काय म्हणतो. तीन आरोप. तिसऱ्यापासून सुरुवात करतो. पहिल्याला उत्तर देणं मला जड जाणार आहे, म्हणून तो शेवटी.

वटवाघळाचं मात्र आधी आटपून घेऊ. ती गोष्ट २० जानेवारी १९८२ ची, अमेरिकेतल्या डे मॉईन शहरातली. प्रेक्षकांतून कुणीतरी फेकलेलं वटवाघूळ रबराचं समजून ऑझीने चावलं, असं तो स्वतः आयुष्यभर सांगत राहिला. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला तो १८ जानेवारी १९८२ ला, म्हणजे त्याच आठवड्यात. अडीच लाख माणसांच्या पोटावर आलेल्या त्या आठवड्यातलं जगाच्या लक्षात काय राहिलं, तर वटवाघूळ. यात दोष ऑझीचा की जगाचा, हे सरांनी ठरवावं.

आता अडोर्नो. जर्मनीतून हिटलरच्या धाकाने परागंदा झालेल्या या तत्त्वज्ञाने १९४१ साली अमेरिकेत लोकप्रिय संगीतावर निबंध लिहिला. म्हणणं थोडक्यात असं की बाजारातलं गाणं साच्यातून निघतं. ऐकणाऱ्याला वेगळं काही ऐकल्यासारखं वाटतं, पण वेगळेपण वरच्या वर्खापुरतं. अडोर्नो ६ ऑगस्ट १९६९ ला गेला. ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी आली १३ फेब्रुवारी १९७० ला. ज्या संगीताविरुद्ध सर त्याला साक्षीला उभं करतात, ते बिचाऱ्याने ऐकलेलंच नाही. अर्थात हे वकिली उत्तर झालं. जाझ ऐकून नाक मुरडणारा माणूस सॅबथ ऐकून खूश झाला असता, असं मीही म्हणणार नाही.

खरा मुद्दा साच्याचा. साचा वाईट असेल तर ओवीचं काय करायचं? साडेतीन चरणांचा तो साचा शतकानुशतकं तसाच आहे. जात्यावर बसणाऱ्या बाईने तो बदलला नाही, बदलायची तिला गरज वाटली नाही. त्याच साच्यात तिने आपला नवरा, आपली सासू, आपला मेलेला भाऊ घातला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. अडोर्नोच्या हिशेबाने तो लाखभर नगांचा एकसारखा माल ठरतो. राईरकर-पॉइटवाँनी केलेली एक गोष्ट मला त्या आकड्याहून मोठी वाटते: ओवी कुणी म्हटली, त्या बाईचं नाव आणि गाव त्यांनी नोंदवून ठेवलं. हा तपशील वाचकांनी खिशात ठेवावा, पुढे लागणार आहे.

या वादात मला कायम आठवतात ते अशोक दा. रानडे. सर त्यांना ‘संगीतशास्त्राचे प्राध्यापक’ एवढ्यावर संपवतात, म्हणून इथे जरा थांबतो. रानड्यांनी संगीताच्या कोटी सांगितल्या: आदिम, लोक, भक्ति, कला, जन आणि संगम. वरवर पाहता ही खानेसुमारी वाटते. पण तिच्यात एक मोठी सोय आहे आणि एक मोठी अडचण. सोय अशी की प्रत्येक कोटीला तिच्या तिच्या कामाने मोजायचं असतं. कीर्तनाला ख्यालाची फूटपट्टी लावून नापास करायचं नाही, आणि सिनेमाच्या गाण्याला ओवी नाही म्हणून हिणवायचं नाही. हिंदी चित्रपटगीतावर या माणसाने अख्खा ग्रंथ लिहिला, तोही ख्यालाची तालीम घेतलेल्या गळ्याने. अडचण अशी की ही मांडणी एकदा मानली की ‘हे आपलं नाही’ एवढं म्हणून सुटका होत नाही. कोण गातं, कुणासाठी, कोणत्या वेळी, कोणत्या जागेत, आणि ते गाणं नसतं तर कुणाचं काय अडलं असतं, हे सगळं विचारावं लागतं. सर हे प्रश्न कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या शाहिरी सामन्यांना विचारतात आणि छान विचारतात. ब्लॅक सॅबथच्या बर्मिंगहॅमला विचारत नाहीत. तिथे पोचल्यावर त्यांच्यातल्या संशोधकाचा एकदम हवालदार होतो.

मी विचारतो. ॲस्टन हा बर्मिंगहॅमचा कामगार भाग. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीचा शेवटचा दिवस, प्रेसवर उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, गिटारच्या तारा दाबायच्या त्या नेमक्या याच बोटांनी. कारखान्याच्या मुकादमाने त्याला जॅंगो राइनहार्टची तबकडी आणून दिली, आगीत दोन बोटं निकामी होऊनही वाजवणारा गिटारवाला. आयोमीने साबणाच्या पाण्याची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, तारा पातळ लावल्या. पुढे त्या आणखी सैल करून खाली उतरवल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मधला तो जड, चिखलातून पाय ओढल्यासारखा आवाज तिथून आला. ऑझीचं सांगायचं तर तो खाटीकखान्यात राबला, घरफोडीत तुरुंगात गेला, आणि त्याआधी मोटारींच्या भोंग्यांच्या कारखान्यात भोंगे सुरात लावायचं काम करत होता. संगीतातली पहिली नोकरी म्हणायची ती हीच.

बर्मिंगहॅमच्याच ज्युडास प्रीस्ट या बँडची ‘ब्रिटिश स्टील’ ही तबकडी आली एप्रिल १९८० मध्ये. त्याच महिन्यात इंग्लंडातल्या पोलादकामगारांचा तीन महिन्यांचा संप मिटला. या बँडचा गिटारवादक ग्लेन टिप्टन स्वतः ब्रिटिश स्टील याच नावाच्या पोलाद कंपनीत नोकरी केलेला. दोन वर्षांनी आमच्या गिरण्या. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, महाड तालुक्यातले बहुतेक चाकरमानी असायचे तसे. त्यांना कमी ऐकू यायचं. साचेखात्यातला प्रत्येक जण घरी ओरडूनच बोलायचा. शेजारच्या साच्यावरून धोटा उडून त्यांच्या एका जोडीदाराचा डोळा गेला होता. दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका वर्गमित्राने मला सॅबथच्या ‘पॅरानॉइड’ची कॅसेट दिली, १९७९ साली. मी ती खोलीवर लावली, आणि माझ्या मनात तेव्हाच एक सिद्धांत तयार झाला: हा आपलाच आवाज आहे, कामगाराचा, यंत्राचा. बर्मिंगहॅमचा भोंगा आणि परळचा भोंगा एकच.

हा सिद्धांत मी चाळीस वर्षं बाळगला. व्याख्यानांत मांडला, एका दिवाळी अंकात छापून मानधनही घेतलं. एक गोष्ट मात्र तेव्हा लिहिली नाही. ती कॅसेट वाजत असताना वडील पाळीवरून आले. दारातच थांबून त्यांनी थोडं ऐकलं आणि म्हणाले, “आठ तास हेच ऐकून आलोय. बंद कर.” मग पाय धुऊन ते भजनाला गेले.

माझ्या सिद्धांताचं उत्तर त्या दोन वाक्यांत होतं; मी ऐकलं नाही, एवढंच. कामगाराला यंत्राचा आवाज हवा असतो ही कल्पना यंत्रावर न बसणाऱ्याची. आयोमी कारखान्यातून सुटायच्या दिवशी जायबंदी झाला. ऑझीला भोंग्यांच्या कारखान्यात जन्म काढायचा नव्हता. त्यांचं संगीत कारखान्याचं असेल तर जेलमधून पळालेल्या माणसाच्या स्वप्नात जेल येतो तितपत. तेव्हा सरांच्या ‘मातीतलं नाही’ या आरोपाला मी आतापर्यंत जे उत्तर देत होतो, की ही माती गिरणीची आहे, ते मी मागे घेतो.

पण आरोप मागे घेण्याची पाळी सरांवरही येते. आपली माती म्हणजे कोणती? सरांच्या घरी दर एकादशीला भजन असतं आणि त्यात पेटी वाजते. पेटीचा जन्म एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसचा. ती आपली नाही, सुरांना तिचा उपसर्ग होतो, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती ढिली व्हायला १९७१ उजाडावं लागलं. पुढे स्वातंत्र्यात आमच्याच बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी नभोवाणी मंत्री म्हणून सिनेमाची गाणी रेडिओवरून हाकलली, तेव्हा लोकांनी निमूटपणे काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. कानाला सोवळं नेसवणाऱ्यांचा आपल्याकडे मोठा वंश आहे, आणि त्यांच्या हाती आजवर काही लागलेलं नाही.

आणि सरांना माती हवी तेव्हा ती बरोबर सापडते. २०१८ साली क्वीन बँडवरचा सिनेमा आला तेव्हा याच लेखणीतून ‘सह्याद्रीच्या कुशीतला फ्रेडी’ असा लेख उतरला होता. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, झांजिबारचा पारशी. तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला होता आणि तिथे पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता, हे खरं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की वर महाबळेश्वर, पुढे पाचगणी. पण महाबळेश्वरच्या पावसाचं जे होतं तेच इथेही लक्षात घ्यावं: माथ्यावर पडलेलं पाणी पश्चिमेला सावित्री होऊन आमच्या अंगावर येतं आणि पूर्वेला कृष्णा होऊन वाईला जातं. फ्रेडी कृष्णेच्या बाजूचा. आपल्या दरडींशी त्याचा काही संबंध नव्हता आणि आयुष्यात त्याने पाचगणीचं फारसं नावही काढलं नाही. प्रसिद्ध झाला की सह्याद्रीचा, आणि ऑझी मात्र दारुडा गोरा. ही माती नाही, सातबारा आहे, आणि तो सरांना सोयीने फिरवता येतो.

सुरांचंही तसंच. सॅबथच्या पहिल्या तबकडीची सुरुवात पावसाच्या आवाजाने होते. पाऊस, लांबवर चर्चची घंटा, आणि मग गिटारचे तीन स्वर: षड्ज, वरचा षड्ज, तिथून खाली तीव्र मध्यम. युरोपात षड्ज-तीव्र मध्यमाच्या या अंतराला सैतानाचं म्हणत, आणि त्या भीतीचाच हा धंदा आहे. आता आपल्याकडे हाच तीव्र मध्यम यमनात दिवेलागणीला येतो आणि अंगणात रांगोळी घातल्यासारखं वाटतं. स्वर तोच. एका ठिकाणी सैतान, दुसऱ्या ठिकाणी सांजवात. मग सैतान स्वरात नाही, ऐकणाऱ्यांनी त्याच्याभोवती रचलेल्या सवयीत आहे. रानड्यांनी हे किती सोपं करून सांगितलं असतं! मी मात्र ते पहिलं मिनिट तळीयेनंतर ऐकू शकत नाही. सैतानाची भीती नाही. त्याआधीचा पाऊस सोसवत नाही.

पावसावरून लेड झेपेलिन या इंग्लिश बँडकडे येतो, कारण माझं आणि सरांचं खरं भांडण तिथे आहे. १९७१ च्या नोव्हेंबरात आलेल्या त्यांच्या चौथ्या तबकडीतलं शेवटचं गाणं पुराचं आहे: ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. लेव्ही म्हणजे नदीकाठचा मातीचा बांध, आपल्याकडे खाडीकाठी खारजमिनीला घालतात तसा. ते गाणं झेपेलिनचं नव्हे. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला, बांध फुटले, लाखो लोक बेघर झाले. ग्रीनव्हिलसारख्या गावांत काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकाने बांधावर राबवलं गेलं. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, कान्सास जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या नवराबायकोने त्यावरचं गाणं तबकडीवर दिलं. तो गायला, तिने गिटार वाजवली. फार आदळआपट नाही. दोन माणसं बसून सांगताहेत, असं.

झेपेलिनने त्याचं केलं काय? हेडली ग्रेंज नावाची हॅम्पशायरमधली जुनी वास्तू. १७९५ ची, मुळात निराधारांना, म्हाताऱ्यांना, अनाथांना ठेवायला बांधलेली. तिच्या जिन्याच्या तळाशी बँडचा ड्रमर जॉन बॉनम याचे ड्रम मांडले आणि वरच्या मजल्यावरून दोन माइक खाली सोडले. ड्रमजवळ काही नाही. म्हणजे आपण ऐकतो तो बॉनम आणि त्याच्याभोवतीची तीन मजल्यांची पोकळी. शिमग्यात खालूबाजा देवळासमोर वाजत असतो आणि आपण डोंगराच्या दुसऱ्या अंगाला असतो, तेव्हा ढोल जसा जमिनीतून येतो तसा हा ठेका येतो. निराधारांच्या घराचा घुमारा निराधारांच्या पुराला लागला, हे कुणी ठरवून केलेलं नाही. आणि नेमकं तेच मूळ गाण्यात नव्हतं. मॅकॉय-मिनी पुराबद्दल सांगतात. बॉनमच्या हातात पूर स्वतः येतो.

सर म्हणतात, ही चोरी. यावर मी नेहमी म्हणायचो, संगीतात चोरी नसते, प्रवास असतो. सुराला कसली आली सीमा? हे वाक्य व्यासपीठावर टाळ्या घेतं. पण ते नेहमी घेणाऱ्याच्या तोंडी असतं, ज्याचं घेतलं त्याच्या तोंडी कधी ऐकलंय? झेपेलिनच्या ‘होल लोटा लव्ह’साठी विली डिक्सन या ब्लूज गीतकाराला १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं तेव्हा कुठे तडजोड झाली आणि त्याचं नाव गाण्याला लागलं. सुराला सीमा नसेल, रॉयल्टीच्या चेकला असते.

घरचंच उदाहरण आहे. १९७२ साली झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी ध्वनिमुद्रित केली. तबला, सारंगी, तंतुवाद्यं. ती २०१५ पर्यंत बासनात पडून होती. मग ‘कोडा’च्या वाढीव आवृत्तीत निघाली. गाण्यांच्या यादीत कंसात काय, तर ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. सगळ्या वादकांना मिळून एकच नाव, तेही शहराचं. आणि गोऱ्यांना कशाला बोल लावायचा? आमच्या सिनेमावाल्यांनी गोव्याच्या वादकांना आणि संयोजकांना आयुष्यभर वेगळं काय दिलं?

आणि इथे सरांचा आवडता शक्ती-तुरा माझ्यावर उलटतो, हे मी मान्य करतो. परळच्या दामोदर हॉलमध्ये लहानपणी वडिलांबरोबर मी हे सामने पाहिलेत. शाहीर उभा राहिला की आधी गुरूचं नाव, घराण्याचं नाव, गावाचं नाव. गाणं संपताना शेवटच्या कडव्यात पुन्हा नाव. नाममुद्रा, कुणी छाप म्हणतं. तुकोबांपासून लावणीकारांपर्यंत आपल्याकडे गाणं नावाशिवाय मिटत नाही. चाल भले दुसऱ्याची उचललेली असो, सिनेमाची का असेना, पण गुरू कोण ते लपवायचं नाही. या एका बाबतीत आमचा गिरणीत बदलीवर काम करणारा शाहीर जिमी पेजपेक्षा सरळ होता. चाळीस वर्षं मी झेपेलिनची बाजू घेऊन भांडलो. त्यांना ज्या कसोटीवर तपासायला हवं होतं ती दामोदर हॉलमध्ये लाकडी खुर्चीवर बसून मी ऐकत होतो.

आता पहिला आरोप. तारीख.

२२ जुलै २०२१ ला दुपारपासून आमच्या तळमजल्यात पाणी भरायला लागलं. वीज गेली, मोबाइल मुका झाला. मी वरच्या मजल्यावर सामान चढवत होतो. खोटं कशाला सांगू, मी कॅसेटी चढवत होतो. मुंबईत पै-पै साठवून ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या. दोन खोकी वर आली, बाकीची गेली. नंतर त्यांतून गाळ काढला तर टेप चिकटून त्यांची वडी झालेली. तळीये पडलं तेव्हा मी हे करत होतो. ते पडल्याचं मला कळलंसुद्धा नव्हतं, पण सरांनी ‘तारीख?’ विचारलं तेव्हा आठवलं ते हेच. म्हणून राग आला. ऑझीची बाजू घ्यायला मी हा लेख लिहायला बसलो असं मला वाटत होतं.

त्या पुरानंतर दोन वर्षांनी मी तळीयेवर एक गाणं लिहिलं. इथल्या तीन-चार पोरांचा बँड आहे, त्यांच्यासाठी. ठेका अर्थात बॉनमचा. पोरांनी चांगलं बसवलं. एकाने सहज विचारलं, “काका, यात वाडीचं नाव नाहीये.” नाही. ‘कोंढाळकरवाडी’ ठेक्यात बसेना, म्हणून मी ते काढलं होतं. तिथे ‘एक गाव’ घातलं होतं. मी त्याला समजावलं की त्यामुळे गाणं जगातल्या कुठल्याही गावाचं होतं. किती सफाईने समजावलं!

वेल्समध्ये ॲबरफॅन नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, बरेच दिवस पावसाने भिजलेला खाणीच्या कचऱ्याचा डोंगर सुटला आणि प्राथमिक शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. डोंगर हलवायच्या खर्चासाठी सरकारने लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले आणि १९९७ मध्ये परत केले. दुर्घटनेच्या पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, बी जीज या बँडचं खाणीत अडकलेल्या माणसावरचं गाणं गाजलं. ते ॲबरफॅनवरून सुचलं असं त्यांनीच नंतर सांगितलं. गाण्याच्या नावात शहर न्यूयॉर्कचं, साल १९४१. न्यूयॉर्कला त्या साली तशी दुर्घटना झालेलीच नाही. त्यांनाही ॲबरफॅन ठेक्यात बसलं नसेल.

उलट टोकाला डीप पर्पल या बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’. महाडातही गिटार हातात धरणारं प्रत्येक पोरगं पहिल्या दिवशी त्याचेच चार स्वर वाजवतं. पण गाण्यात आहे काय? ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोला आग लागली, त्याची साद्यंत हकीकत. गाव कोणतं, त्या रात्री कोण वाजवत होतं, धुरातून पोरांना बाहेर कुणी काढलं, सगळं नावानिशी. याला आपल्याकडे पोवाडा म्हणतात. त्या आगीत कुणी मेलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच नावं घेणं त्यांना सोपं गेलं. माणसं जातात तिथे आपण एकदम तत्त्वज्ञ होतो, ‘एक गाव’ म्हणतो.

तेव्हा सर, तुमचा निकाल असा. ऑझीसाठी हळहळलो त्याची मला लाज वाटत नाही. दोन बोटांची टोकं गमावलेल्या माणसाच्या गिटारीबरोबर जो गायला त्याला २२ जुलैची मनाई नाही, आणि सुतक कुणी कुणासाठी पाळायचं हे ठरवणारं तहसील कार्यालय अजून उघडायचं आहे. अडोर्नो तुमचा तुम्हाला लखलाभ. पण त्या स्टेटसच्या चार ओळींत तळीयेचा उच्चार नव्हता, आणि माझ्या गाण्यातही नव्हता. हा आरोप तुम्ही केलाच नाहीत. माझा मीच करतो. ते गाणं पोरांकडून परत घेतलं आहे.

वाचकांना एक विनंती. शक्ती-तुऱ्याचे शाहीर ताज्या घटनांवर गाणी बांधत आले आहेत. तळीयेवर, साखर सुतारवाडीवर, त्याआधी २००५ च्या जुलैत दरडींखाली गेलेल्या जुई-दासगाववर कुणी बांधलं असेल, आणि ती वही महाड-पोलादपुरात किंवा मुंबईच्या एखाद्या खोलीवर कुणाकडे असेल, तर या अंकाच्या पत्त्यावर कळवा. चाल कशावरून घेतली ते नाही सांगितलं तरी चालेल. छाप कोणाची आहे ते आधी लिहा.